वरचा बाण

"टोकाला," अण्णा म्हणाले आणि त्यांनी लिंबू वर उडवलं.

ते पुन्हा हातात पडायच्या आत मी उत्तर द्यायचं, असा आमचा माझ्या लहानपणापासूनचा खेळ. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते, लॅपटॉपची वायर बोर्डापर्यंत पोचत नाही म्हणून पलंग ओढत होते, तरी तोंडातून आपोआप गेलं, "एकच बाण. खाली."

"कारण?"

"हात सुटला की हाताचं बल संपलं."

"हं." त्यांनी लिंबू झेललं. "हे माझंच वाक्य आहे. शब्दही माझेच."

"मग विद्यार्थिनी कोणाची?"

"अहो, ते लिंबू ठेवा बरं," मागच्या अंगणातून आई ओरडली. "एकच आहे घरात. मोरीत गेलं तर भरितावर काय पिळू, तुमचं गुरुत्वाकर्षण?"

जानेवारीतला शनिवार होता. आई विटांच्या चुलीवर तुराट्या पेटवून वांगी भाजत होती. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताला ती भरीत म्हणत नसे. धूर घरात येत होता आणि अण्णा मधूनमधून खोकत होते, पण त्या घरात थंडीचे दिवस असेच जायचे, त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

मी नाशिकहून दोन दिवसांसाठी चोपड्याला आले होते. सोमवारी तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांची कार्यशाळा होती. विषय होता, मुलांना संकल्पना कळली की नाही हे तपासायचं कसं. अण्णा निवृत्त होऊन पाच वर्षं होत आली होती, पण त्यांच्याच शाळेतल्या बडगुजर सरांनी हट्टाने त्यांनाच बोलायला बोलावलं होतं. अण्णांचा तक्ता टाइप करून द्यायचा, एवढं माझं काम.

तक्ता एका प्रश्नाचा होता. अण्णांनी एकतीस वर्षं नववीला तो एकच प्रश्न विचारला. वर्ष सुरू होताना पहिल्या तासाला एकदा, आणि मार्चमध्ये, सगळं शिकवून झाल्यावर, पुन्हा एकदा. पाव कागदावर तीन गोल. चेंडू सरळ वर फेकला आहे. पहिल्या गोलात तो वर जातोय, दुसऱ्यात अगदी टोकाला आहे, तिसऱ्यात खाली येतोय. हवेचा हिशोब सोडा. चेंडूवर जी बलं काम करत असतील त्यांचे बाण काढा. खाली एका ओळीत कारण. गुण नाहीत, आणि कागदावर नाव लिहायचं नाही. नाव असलं की मूल घाबरून बरोबर लिहितं, असं अण्णा म्हणत.

उत्तर सोपं आहे. तिन्ही गोलांत एकच बाण, खाली जाणारा. पण जवळजवळ सगळी मुलं वर जाणाऱ्या चेंडूला वरचा बाण काढतात. त्यांना वाटतं, हाताने दिलेला जोर चेंडूच्या आत राहतो आणि हळूहळू संपत जातो. शिकवण्याआधी तसं वाटतं, आणि वर्षभर शिकवल्यावरही तसंच वाटतं. न्यूटनचे तिन्ही नियम घडाघडा म्हणणारी, परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं त्याच दिवशी तो वरचा बाण काढतात. आईच्या साड्यांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये हे कागद वर्षवार ठेवलेले होते. त्या दिवशी ती खोकी बाहेरच्या खोलीत भिंतीशी रचलेली होती.

"घे," अण्णा म्हणाले. पलंगावर मांडी घालून, वही मांडीवर घेऊन ते सांगू लागले. "अठ्ठ्याहत्तर–एकोणऐंशी. पट बेचाळीस. सुरुवातीला बरोबर चार. शेवटी नऊ."

मी टाइप केलं.

"पुढचं. पट पंचेचाळीस. सहा. अकरा. त्याच्या पुढचं. सात. सात."

"सात आणि सातच?"

"सातच. वर्षभर शिकवलं, एक पोरगं हललं नाही." ते हसले. "एक्याऐंशी–ब्याऐंशीला तर आठाचे सहा झाले. त्या वर्षी मी शिकवून दोघांचं बिघडवलं."

असेच आकडे येत गेले. पाच–दहा. तीन–आठ. सहा–नऊ. आईने मध्ये चहा आणून दिला आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "एवढंच?" तिने तो तक्ता असा सलग कधी पाहिला नव्हता. अण्णांनी मान हलवली.

"चौऱ्याण्णव–पंच्याण्णव," ते म्हणाले. मग थांबले. "पट चव्वेचाळीस. सुरुवातीला तीन."

पुढचा आकडा मला माहीत होता. आईलाही होता. त्या संध्याकाळी अण्णा मोजणी सोडून स्वयंपाकघरात आले होते आणि तिने शिरा केला होता.

"शेवटी एकेचाळीस," अण्णा म्हणाले.

मी टाइप केलं. त्या वर्षी मी त्यांच्या वर्गात होते.

"त्या वर्षी वर्गात काही वेगळं झालं होतं का ग, वृषू?"

हा प्रश्न त्यांनी मला पूर्वीही विचारला होता. मी बारावीत असताना, माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, एकदा तर फोनवर. त्या वर्षी गच्चीवर आधी नेलं होतं की फळ्यावर आधी शिकवलं होतं? चेंडू रबरी होता की क्रिकेटचा? जे केलं ते सगळं त्यांनी पुढच्या चौदा वर्षांत पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एका चेंडूपायी महिना घालवतात, पोर्शन संपवत नाहीत, अशी पालकांची तक्रार गेली. मुख्याध्यापकांपुढे अण्णांनी हाच आकडा ठेवला. "होतं, साहेब. एकदा झालंय." दोन हजार एक साली त्यांची दहावी काढून घेतली आणि सहावीचे वर्ग दिले. नववी मात्र त्यांनी सोडली नाही. एकदा झालंय, म्हणत राहिले. आकडे पुन्हा आठ, दहा, सात.

"गच्चीवर नेलं होतं तुम्ही," मी म्हणाले.

"ते दरवर्षीच नेलं."

"मग काही नाही, अण्णा."

त्यांनी लगेच पुढचं वर्ष सांगितलं नाही. त्यांची वर्गातली एक सवय होती. मुलाने उत्तर दिलं की बरोबर-चूक काही म्हणायचं नाही. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत बारा मोजायचे. तेवढ्यात मूल स्वतःच म्हणतं, नाही सर, थांबा. तेव्हा त्याचं खरं उत्तर येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आताही वहीखाली त्यांचा अंगठा करंगळीपासून सुरू झाला होता. मला तो दिसत होता. मी पडद्याकडे बघत राहिले.

"पंच्याण्णव–शहाण्णव," अण्णा म्हणाले. "पट सत्तेचाळीस. पाच. नऊ."

संध्याकाळी आम्ही दोघं प्रिंट काढायला बाजारात गेलो. झेरॉक्सचं दुकान जिभाऊ पाटलाचं, माझ्याच वर्गातला. आम्हाला पाहून त्याने गिऱ्हाइकाचा कागद अर्ध्यात सोडला.

"या सर! बाण वर का खाली?"

गावात अर्धे लोक अण्णांना असंच बोलायचे. पाठीमागे त्यांना बाण सर म्हणत, हे अण्णांनाही माहीत होतं.

"तूच सांग," अण्णा म्हणाले.

"खोटं कशाला बोलू सर, मले तर अजून बी वरचा दिसतो. चेंडू वर चालला म्हणजे काही तरी ढकलतंयच ना त्याले."

"दिसतो तर काढ. न दिसता काढू नकोस."

"तेव्हाबी काढला होता. मार खाईन वाटलं. तुम्ही काहीच नाही बोलले."

"मी तुझं कारण वाचलं होतं," अण्णा म्हणाले. "चांगलं लिहिलं होतंस. चुकीचं, पण तुझं."

जिभाऊने पैसे घेतले नाहीत, अण्णांनी ते जबरदस्तीने ठेवले, त्यावर दोघांची नेहमीची हुज्जत झाली. परतताना आम्ही केळीच्या ट्रकांच्या बाजूने चालत आलो.

"त्या वर्षी तिघं चुकले होते," अण्णा म्हणाले. "त्यातला हा एक."

"हो."

"हा कसा चुकला, बाकीचे बरोबर असताना?"

"त्याचा स्वभावच तसा, अण्णा. कोणाचं ऐकायचं नाही."

हे बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले. अण्णांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. त्यांनी बारा मोजले असतील तर ते मला दिसलं नाही. घराजवळ आलो तेव्हा ते म्हणाले, "तुझी आई भरितात मिरची कमी घालायला लागलीय. आपण काही बोलायचं नाही."

जेवताना त्यांनी दोनदा भरीत घेतलं. बातम्या पाहिल्या. मला म्हणाले, सकाळी लवकर उठू नकोस, रविवार आहे. त्या दिवशी आणखी काही झालं नाही.

रविवारी सकाळी साडेसातला आई चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने मला हाक मारली. अण्णा खोक्यांच्या शेजारी खाली बसलेले होते, पाठ पलंगाला टेकलेली, मान कलंडलेली. चष्मा डोळ्यांवर होता. बडगुजर सरांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत बाहेर येऊन सांगितलं, घरीच संपलं होतं.

पुढच्या दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. माणसं आली, जिभाऊ रोज दोन वेळा येऊन पाण्याचे जार ठेवून गेला. बाहेरची खोली लोकांना बसायला हवी म्हणून कोणी तरी खोकी उचलून माझ्या जुन्या खोलीत नेऊन ठेवली.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी बडगुजर सर आले. ते अण्णांपेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली शाळेत लागलेले. बोलताना हात फार हलवायचे. त्या दिवशी हात मांडीवर होते.

"वहिनी, कार्यशाळा पुढे ढकलली होती, ती आता शुक्रवारी आहे. सर नाहीत, तर मी बोलतो. मला त्यांच्यासारखं जमणार नाही. पण तक्ता त्यांचाच दाखवू. आणि तो मोठा छापून प्रयोगशाळेत लावायचा, असं आमचं ठरलंय. सरांच्या नावाने."

"फ्रेम करून?" आईने विचारलं.

"काचेची फ्रेम."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तो कागद दे ग सरांना. त्या दिवशी काढून आणलात तो."

प्रिंट खोक्यांसोबतच आत गेली होती. सगळ्यात वरच्या खोक्याच्या झाकणाखाली ती सापडली. मी ती तशीच बाहेर आणली, आणि सरांच्या हातात देताना मला तांबडी रेघ दिसली.

चौऱ्याण्णव–पंच्याण्णवची ओळ अण्णांनी तांबड्या पेन्सिलीने खोडली होती. पट्टी लावून, सरळ. शेजारी त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "हे वर्ष धरू नये." खाली रविवारची तारीख.

बडगुजर सरांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"हे काय केलं सरांनी?"

"काय झालं?" आईने विचारलं.

"एकेचाळीसवाली ओळ खोडलीय, वहिनी. सगळ्यात चांगलं वर्ष होतं ते. ही ओळ गेली तर या तक्त्यात उरतं काय? तीस वर्षं शिकवलं आणि काही झालं नाही, एवढंच उरतं. हे शिक्षकांना दाखवून मी काय सांगू? घरी जा म्हणून सांगू?"

"त्यांनीच खोडलंय?"

"अक्षर त्यांचंच आहे. पण बघा ना, त्याच सकाळचं आहे. बरं वाटत नसेल त्यांना. अशा वेळी माणसाचं डोकं..." ते थांबले. "मला वाटतं, आपण ती ओळ ठेवावी. सरांनी आयुष्यभर तीच तर सांगितली. मुख्याध्यापकांपुढे भांडले ते तिच्यावरच."

आईने वाकून त्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठेवा. एवढं एकच तर होतं त्यांचं."

"वृषाली, लॅपटॉपमध्ये आहे ना मूळचं? त्यातून पुन्हा काढून देशील?"

"बघते," मी म्हणाले आणि आत गेले.

लॅपटॉप टेबलावरच होता. मी तो उघडला नाही. ज्या खोक्यातून प्रिंट काढली होती त्याच्यावर चौऱ्याण्णव–पंच्याण्णव लिहिलेलं होतं. बाकी सगळ्या खोक्यांना सुतळी बांधलेली होती. याची सोडलेली होती. तेव्हा मला आठवलं की शनिवारी सकाळी मी पलंग ओढत होते तेव्हाही हे खोकं बाकीच्यांपासून वेगळं, बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर होतं.

अण्णांची मोजायची रीत अशी होती. बरोबर आणि चूक कागद वेगळे करायचे. चुकलेल्यांची कारणं एकेक करून वाचायची, वहीत उतरवायची, कारण मूल कुठे अडलं ते तिथे कळतं. बरोबर आलेल्यांचे बाण मोजायचे आणि कागद बांधून ठेवून द्यायचे. ज्याचं बरोबर आलं त्याला कारण काय विचारायचं? एकतीस वर्षांत त्यांनी बरोबर कागदांची खालची ओळ कधी वाचली नव्हती. आता कार्यशाळेत नमुने दाखवायचे म्हणून त्यांनी पहिल्यांदाच तो गठ्ठा सोडला होता.

मी एकेक कागद बघितला. तिन्ही गोल, प्रत्येकात एक बाण, खाली. पट्टीने काढल्यासारखे एकसारखे. त्यांच्या खाली कारणाची ओळ. बऱ्याच जणांनी ती कोरी सोडलेली. काहींनी नुसतं गुरुत्वाकर्षण लिहिलेलं. एकाने, "वर बाण नसतो कारण तो नसतो." आणखी एका कागदावर, निळ्या शाईत, गोल अक्षरात, "वरचा बाण काढायचा नाही असे सांगितले आहे."

त्याच्यापुढे तांबड्या पेन्सिलीने एकच शब्द होता. "कोणी?"

त्या कागदाखाली माझा कागद ठेवलेला होता. नाव नव्हतं, पण वडिलांना मुलीचं अक्षर ओळखायला नाव लागत नाही. त्यावर लिहिलं होतं, हात सुटला की हाताचे बल संपते. त्यावर अण्णांनी काहीच लिहिलं नव्हतं.

मार्चमधला तो दिवस मला पूर्ण आठवतो. त्याच्या आदल्या वर्षी, मी आठवीत असताना, अण्णा जेवायच्या ताटावर बसून आईला म्हणाले होते, "दहा. सेहेचाळीसांतले दहा. मी काय करतो ग तिथे जाऊन?" त्यांनी घास मोडला आणि तसाच ठेवला. त्यांना तसं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. नववीच्या मार्चमध्ये त्यांचा प्रश्न कुठल्या दिवशी येणार ते मला ठाऊक होतं, कारण पाव कागद आदल्या दिवशी आमच्याच घरी कापले जायचे. मधल्या सुट्टीत मी वर्गाला पाण्याच्या टाकीमागे गोळा केलं.

"आज सर तोच चेंडू देणार आहेत. वरचा बाण कोणी काढायचा नाही. तिन्हीत एकच, खाली."

"सरांना कळलं तर?" कोणी तरी विचारलं.

"नाव कुठे लिहायचंय?"

शैला म्हणून एक मुलगी होती, हुशार. ती म्हणाली, "पण वरचा का नाही? वर जातोय ना तो?"

"नाही म्हणजे नाही. का ते विचारू नकोस."

तिला सांगण्यासारखं माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. अण्णांचं वाक्य होतं, ते मला पाठ होतं. आजही चेंडू वर जाताना पाहिला की माझं मन आधी वरचा बाण काढतं आणि मग मी तो पुसते. जिभाऊ टाकीवर बसून चिंचा खात होता. तो म्हणाला, "मला दिसतो. मी काढणार." मी त्याला सरांची शप्पथ घातली. तो म्हणाला, "सरांचीच शप्पथ, मी काढणार." त्याच्याबरोबर आणखी दोघं हट्टाला पेटले. बाकी एकेचाळीस.

शनिवारी अण्णांना काय माहीत होतं, ते आता माझ्या हातात होतं. गठ्ठा त्यांनी मी उठायच्या आधीच सोडला होता. लिंबू उडवलं तेव्हा त्यांना माहीत होतं. त्यांनी कारण विचारलं होतं. तक्ता सांगताना थांबून विचारलं होतं. जिभाऊच्या दुकानातून येताना विचारलं होतं. मुलाला खरंच कळलं की नाही हे कसं काढायचं, त्याची जी रीत त्यांनी आयुष्यभर वापरली, तीच त्यांनी त्या दिवशी माझ्यावर वापरली. प्रश्न बदलून विचारायचा, आणि मग थांबायचं. मी तिन्ही वेळा नापास झाले. मग रविवारी सकाळी उठून, पट्टी शोधून, त्यांनी आपलं ते एकमेव वर्ष काढून टाकलं. माझं नाव कुठे लिहिलं नाही.

मी दोन्ही कागद परत त्याच क्रमाने ठेवले. लॅपटॉप तसाच सोडून बाहेर आले.

बडगुजर सर पेन काढून बसले होते. "नाही सापडलं तर राहू दे. या प्रिंटवरच मी शेजारी पुन्हा लिहितो, रेघ दुकानात पुसून घेऊ. जिभाऊ करेल ते."

"लिहा," आई म्हणाली. भिंतीवर फोटो नव्हता अजून. तो फ्रेमला टाकला होता. पलंगावर अण्णा बसायचे त्या जागेकडे बघत ती म्हणाली, "काचेच्या फ्रेममध्ये तीस वर्षं नुसती हार दिसायला नको. एक तरी राहू दे."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. चार हा आकडा त्यांनी लिहिला.

"थांबा," मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आईच्या चेहऱ्यावर फक्त थकवा होता. मला वाटलं, अजूनही बोललं नाही तर चालेल. ती ओळ काचेमागे राहील. आई दर वर्षी शाळेत जाऊन ती बघेल. कोणाचंच काही बिघडणार नाही. ज्याचं बिघडायचं होतं त्याचं बिघडून झालं होतं. मी खाली पाहिलं तर माझा अंगठा करंगळीच्या पेरावर होता. मी बारा मोजले. समोर कोणी वाट बघत नव्हतं.

"काय ग?" आई म्हणाली.

"अण्णांनी बरोबर खोडलंय, आई. त्या वर्षी उत्तर मी सांगितलं होतं. सगळ्या वर्गाला, टाकीमागे. मी सांगितलं होतं. शनिवारी अण्णांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले."